आत्ता हे माझं आहे

फ्रँकफर्टच्या एस-बान लोकलच्या स्टेशनवर बेकरीत ब्रेझेल, म्हणजे गाठीच्या आकाराचा खारा पाव, घेताना माझं कार्ड चालेना आणि पोटात तर कावळे ओरडत होते. माझं मराठीतलं पुटपुटणं ऐकून रांगेत मागे उभे असलेले गृहस्थ मराठीतच म्हणाले, "ब्रेझेल मी घेतो, मग तुम्हाला विकतो." त्यांच्या काखेत इस्लामिक बँकिंगचं जाडजूड पुस्तक होतं. याच पेपरात ते दोनदा नापास झाले होते, हेही त्यांनी न विचारताच सांगितलं.

फलाटावर आल्यावर मी हात पुढे केला.

"थांबा मॅडम! व्याज चालत नाही, म्हणून बँक वस्तू आधी स्वतः घेते, मग नफा सांगून विकते. आत्ता हे माझं आहे. जरा तसं वाटू द्या मला."

डोळे मिटून त्यांनी ब्रेझेल छातीशी धरलं. माझी गाडी आली.

"नफा दहा सेंट, पैसे नंतर. मान्य?"

मी "मान्य" म्हणायच्या आत कुणाचा तरी धक्का लागला आणि ब्रेझेल रुळांवर पडलं.

गृहस्थांचा चेहरा उजळला. "माझं गेलं! तुमचं काहीच नाही गेलं! आल्झो, म्हणजे मालकी ही अशी असते होय!"

ऊठसूट विमा काढणाऱ्या या देशात स्वतःच्या नुकसानीवर इतका खूश झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. उपाशीपोटी त्यांचं अभिनंदन करून मी गाडीत चढले.

दार मिटता मिटता ते ओरडले, "उद्या या! नफ्याचा धडा राहिलाय!"