विहिरीच्या पाळ्या आणि काढून टाकलेली ओळ

आमच्या भाऊकीची विहीर एक, मोटार एक आणि घरं पाच. रब्बीत पाणी कुणी कधी घ्यायचं, हे वहिनीचा प्रोग्रॅम ठरवतो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्नाआधी ती जालन्यात एका क्लासमध्ये सी भाषा शिकवायची. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावी नांदायला आली, पाण्यावरून होणारी भांडणं पाहिली आणि पाळ्यांचा प्रोग्रॅम लिहून मोकळी झाली. कुणाचं रान किती, पीक कोणतं, लाईट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, एवढं त्यात भरायचं. तो प्रत्येक घराला तास वाटून देतो.

यंदा गहू-हरभरा पेरून झाला आणि घरातला जुना कॉम्प्युटर व्होल्टेजच्या झटक्यानं जळाला. प्रोग्रॅम तेवढा पेन ड्राइव्हवर उरला. माझ्या मुलीचा जुना लॅपटॉप होता. विंडोजवर तो रखडायचा म्हणून मी त्यात लिनक्स घातलं होतं. तोच गावी द्यायचं ठरलं. मी एका बियाणे कंपनीत वजनकाट्यांचे प्रोग्रॅम सांभाळतो, त्यामुळं वहिनीचा प्रोग्रॅम त्यावर चालवून देण्याचं काम माझ्याकडं आलं.

वहिनीचा फोन आला. "भाऊजी, जमंल ना? तुमचे चुलतभाऊ म्हणून राह्यले, ॲपवाला आणतो. तो त्यांच्या वळखीचा. मंग ते सांगतील तेच तास. पुन्हा मला कोण विचारतंय?"

जमेल म्हणालो.

रविवारी सकाळी जालन्यात मस्तगडच्या माझ्या घरी बसलो. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला चालवता येईल असा करून देणारा. त्यानं आधी एकच चूक दाखवली, ‘कोनिओ’ नावाची फाईल सापडत नाही. ती फाईल मागवणारी ओळ काढली तर सतरा चुका उभ्या राहिल्या.

मला त्याचं नवल नव्हतं. आमची पिढी सी शिकली ती क्लासमधल्या निळ्या पडद्यावर. तिथं प्रत्येक प्रोग्रॅम पडदा पुसण्यानं सुरू व्हायचा आणि ‘गेटच’नं संपायचा. गेटच म्हणजे कुणी कळ दाबेपर्यंत थांब. ते लिहिलं नाही तर उत्तर वाचायच्या आत पडदा पुन्हा निळा व्हायचा. या दोन्ही सोयी त्या जुन्या कंपायलरच्या घरच्या, लिनक्सला ठाऊक नसलेल्या. पण आम्हाला वाटायचं, जगात सगळीकडं सी अशीच लिहितात.

वहिनीनं एका फाईलचं नाव कुठं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, कुठं लहान. विंडोजला ते चालतं, लिनक्सला नाही. ते एकसारखं केलं. पडदा पुसायच्या ओळी काढल्या. गेटच दोन ठिकाणी होतं. एक शेवटी, आणि एक मध्येच, प्रत्येक घराचे तास दाखवून झाल्यावर. सवयीनं लिहिलं असणार असं धरून दोन्ही काढली. चुका शून्यावर आल्या. मग गेल्या वर्षीची माहिती भरून पाहिली. पाचही घरांचे तास मिनिटापर्यंत जुळले. आकडे जुळल्यावर मी सहसा पुढं काही बघत नाही.

पुढच्या रविवारी भावाच्या ओसरीवर पाचही घरची माणसं जमली. वहिनीनं यंदाचं पीक-रान भरलं, लॅपटॉप सगळ्यांकडं वळवला आणि प्रोग्रॅम सुरू केला. पापणी लवायच्या आत पाच घरांचे तास पडद्यावर आले.

"झालं?" चुलतभाऊ म्हणाला. तो माझ्याहून मोठा.

"झालं, दादा. आता कसं जल्दी होतंय."

"जल्दी कुणाला पायजे होतं? आम्ही काय निस्तं चहा प्यायला आल्तो का?"

"आकडे बराबर आहेत. मी तपासलेत."

"असतील रे बाबा. पर माझं घर आलं तवा ते थांबलं का? दरसाली थांबतंय. मला पटलं तर मी बटन दाबतो, मंग दुसऱ्याचं. हे तर ठरवूनच आणलंय. असंच असंल तर ॲपवाला काय वाईट?"

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाली, "मधलं गेटच कुठंय?"

"काढलं. मला वाटलं, क्लासमधली सवय."

"शेवटचं सवयीचंच होतं. मधलं न्हाई."

पहिल्या वर्षी तिनं पाळ्या कागदावर छापून वाटल्या होत्या. बाईनं घरात बसून पाणी वाटलं, म्हणून कुणी त्या मानल्या नाहीत. तेव्हापासून रीत पडली. ज्याचं घर येईल त्यानं पुढं यायचं, बघायचं, तक्रार असेल तर तिथंच सांगायची आणि आपल्या हातानं कळ दाबायची. दाबली की मान्य. मी जालन्यात राहणारा, या बैठकीला कधी नसायचो.

मी थोडा वेळ मागितला. लिनक्सवर एंटर दाबल्याशिवाय कळ प्रोग्रॅमपर्यंत पोचत नाही. वहिनीला विचारलं, एंटर चालेल का.

"न्हाई. एक घर काकूंचं, त्यांना वाचता येत न्हाई. त्या ऐकतात आन् हाताला येईल ती कळ दाबतात. काहीच हाललं न्हाई तर त्यांना वाटंल, आपल्याला धरलंच न्हाई."

मग मी स्वतःचंच गेटच लिहिलं. लिनक्सवर ते तेवढ्यापुरती एंटरची अट उठवतं आणि कळ घेऊन पुन्हा पहिल्यासारखं करतं. विंडोजवर जुनंच वापरतं. नाव तेच ठेवल्यामुळं वहिनीची ओळ जशीच्या तशी बसली. चुलतभाऊ मागं उभाच होता.

"किती चुका?"

"तीन."

"आता?"

"एक."

"कंपनीत असंच करतो का रे दिवसभर?"

"असंच," मी म्हणालो. "झालं. आता बसा."

पहिल्या दोन घरांनी कळ दाबली. तिसरं घर चुलतभावाचं. पडदा थांबला. त्यानं मोठ्यानं वाचलं. "गुरुवारची रात? त्या दिशी माझ्या सासुरवाडीला लगीन हाय."

"मंग आत्ताच बोला," वहिनी म्हणाली. "कोण बदलून देतंय?"

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. "मी घेते त्याची रात. मला कुठं झोप लागती? पर दारं धरायला, पाणी वळवायला गडी तू द्यायचा."

"बघा, काकू फुकट काय देत न्हाईत," चुलतभाऊ म्हणाला, आणि तयार झाला.

वहिनीनं क्रम बदलला आणि पुन्हा पहिल्यापासून चालवलं. या वेळी चुलतभावानं चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि कळ दाबली.

"ॲपवाल्याला काय कळवायचं?" वहिनीनं विचारलं.

"त्याला ये म्हणलंच कवा मी?"

तो उठला मात्र नाही, लॅपटॉपशेजारीच बसून राहिला. पुढचं घर माझ्या थोरल्या भावाचं होतं. भावानं न बघताच हात पुढं केला, तसा चुलतभावानं तो धरला.

"वाच की दादा आधी! घरचा प्रोग्रॅम म्हणून काय झालं?"

भाऊ वहिनीकडं बघून हसला, आणि वाचायला लागला.