अण्णा छाप चादरीवरची मिशी

ऐका हो ऐका! समस्त सोलापूरकरांना, चादर पांघरणाऱ्यांना, चादर आहेरात देणाऱ्यांना आणि आहेरात आलेली चादर न उघडता पुढच्या लग्नात सरकवणाऱ्यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, आज एक गोष्ट जाहीर होत आहे. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मित्राला नाही, देवालाही मोघमच. खुर्ची जवळ घ्या. आणि तो पंखा बारीक करा, करकरतो.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस तर सगळंच सांगत सुटतो. खरं आहे. बारसं असो, मयत असो, मला बोलायला चार माणसं पुरतात. पण एक किस्सा मी कायम मधूनच सुरू करत आलोय. त्याची सुरुवात — ती मात्र गिळून टाकायची. किती वर्षं गिळायची? घशाला काही मर्यादा?

आणि वैताग कशाचा म्हणाल, तर चहाच्या टपरीचा. रोज कुणीतरी पेपर उघडतो, कुठल्या तरी कंपनीनं कुणावर तरी दावा लावल्याची बातमी वाचतो आणि म्हणतो, "एवढ्याशा चित्रासाठी कोर्टात जातेत व्हय? नाव वापरलं, काय किडनी काढली का?" सगळे हसतात. मीही हसतो. घरी येऊन मात्र चप्पल भिरकावतो. कारण कंपन्या छापासाठी एवढ्या का भांडतात, हे त्या टपरीवर फक्त मला ठाऊक आहे — आणि मलाच ते सांगता येत नाही.

सांगतो. सांगतो म्हणजे — थांबा, आधी अण्णा.

राजय्या अण्णा म्हणजे शहराच्या पूर्वभागातले, विणकरांच्या वस्तीतले जुने विणकर. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि गिऱ्हाइकाशी नुसतं हसू. त्यांच्या चादरीच्या पिशवीत एक जाड कागदाचं लेबल असायचं आणि त्यावर खुद्द अण्णा. पांढरी टोपी, जाड काड्यांचा चष्मा, कोटाच्या खिशाला पेन आणि मिशी! मिशी कसली, दोन्ही बाजूंनी पडदा उघडावा तशी. लोक दुकानात येऊन नाव सांगत नसत. ओठावर बोट फिरवायचे, की दुकानदार अण्णा छाप काढून द्यायचा. रंग पक्का. चादर विरायची, रंग तसाच राहायचा.

मी तेव्हा चादरींचा व्यापार नुकता सुरू केला होता. माल माझाही सोलापुरीच, पण रंग कच्चा. स्वस्तातला. माझ्या नावाला बाजारात कुत्रं विचारत नव्हतं. मग माझ्या डोक्यात आलं — आलं कशाला म्हणू, मी आणलं. आमच्या गणेशमंडळाच्या नाटकात मी फौजदार व्हायचो. मंडळाच्या पेटीत एक मिशी होती. टोपी वडिलांची, चष्मा शेजाऱ्यांचा. तो घातल्यावर मला समोरचा फोटोग्राफरसुद्धा धुरकट दिसत होता. पेन माझं. तेवढीच एक वस्तू माझी स्वतःची!

फोटो काढला. खाली छापलं, ‘अण्णाजी, खरी सोलापुरी’. तुम्ही विचाराल, भीती नाही वाटली? कसली? कुणी बोललंच तर मी म्हणणार होतो, साहेब, हा माझाच चेहरा आहे, माझ्या चेहऱ्यावर तुमचा हक्क कसा? किती हुशार वाटलो होतो मी मला! आणि कच्च्या रंगाची काळजी? आमच्याकडं आहेराची चादर उघडतंय कोण? या लग्नातून त्या लग्नात, त्या लग्नातून वास्तुशांतीला — पिशवीसकट. माझी चादर पाण्याचं तोंड पाहायच्या आत दहा गावं फिरून येईल, हा माझ्या धंद्याचा पाया होता.

विकायला गफूरभाईंचं दुकान होतं. गफूरभाई माझे दोस्त, सचोटीचा माणूस. त्यांना मी सांगितलं, अण्णांचाच माल आहे, नुसतं लेबल नवं. दोस्तानं सांगितलं म्हटल्यावर त्यांनी पिशवी उलटूनही पाहिली नाही. इथं थांबून मला वाईट वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. उन्हाळा होता, लग्नसराई होती, माल जात होता.

मग आल्या हिराबाई.

हिराबाई मंद्रूपच्या. लेकीच्या लग्नात व्याह्याला द्यायला त्यांनी गफूरभाईंकडून चादर नेली होती. त्यांना वाचता येत नव्हतं. चेहरा ओळखता येत होता. मिशी पाहिली, चष्मा पाहिला, पिशवी छातीशी धरली आणि गेल्या. हे लक्षात ठेवा. मी फसवलं ते वकिलाला नाही, सरकारला नाही. जिला खात्री करून घ्यायला त्या एका चेहऱ्यावाचून दुसरं काही नव्हतं, तिला फसवलं.

आणि तो व्याही निघाला मुलखावेगळा. त्यानं चादर उघडली! सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. माणसं गच्चीवर झोपतात आणि चादरीवर पाणी शिंपडून घेतात, तेव्हा कुठं डोळा लागतो. व्याह्यानं तेच केलं. आणि सकाळी गावानं पाहिलं, तर गच्चीवरून जांभळा माणूस खाली येतोय.

तुम्ही हसलात. मीही हसलो असतो. पण हिराबाई ती चादर काखेत मारून गफूरभाईंच्या दुकानात आल्या, तेव्हा मी तिथंच बसलो होतो. भर दुकानात चादर आपटून त्या म्हणाल्या, "व्याही जांभळा झाला की हो माझा! पोरीला उठता-बसता म्हंत्यात, तुज्या आयनं रंग लावला आमाला. सांगा, आता मी तितं कुटल्या तोंडानं जाऊ?"

गफूरभाई पांढरे पडले. दुसरा कुणी असता तर हात झटकले असते. हे उठले, चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चल की यार. तू वळखतो ना अण्णाला? बाईला घेऊन जाऊ."

ओळखतो असं मीच सांगितलं होतं. गेलो. रिक्षात हिराबाई, गफूरभाई, मी आणि मांडीवर ती पिशवी. पिशवीतून मी माझ्याकडं बघतोय. मिशीसकट.

अण्णा कारखान्याच्या दारात खाटेवर बसले होते. तोवर फार थकले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी लेबल हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. आता म्हणतील, हा कोण? आता बोट माझ्याकडं येईल. अण्णांनी लेबलावरून अंगठा फिरवला आणि पुटपुटले, "हा फोटो मी कधी काढला बरं?"

हिराबाईंचा राग क्षणभर बाजूला राहिला. त्या वाकून बघत म्हणाल्या, "फोटूत लई तरणं दिसतायसा की!"

आणि अण्णांनी — काय सांगू — अण्णांनी स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला. खूश झाले हो म्हातारे! मग चादर पाहिली. बोट ओलं करून घासलं. बोट जांभळं झालं.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य. "अण्णा, हा मी आहे." चार शब्द. स्टेजवर पानंच्या पानं घडाघड म्हणणाऱ्या माणसाला चार शब्द जमले नाहीत.

अण्णा उठले. भिंतीला धरून आत गेले, कोऱ्या चादरींची जोडी घेऊन आले आणि हिराबाईंसमोर हात जोडून म्हणाले, "चूक झाली बाई. माझा चेहरा आहे त्याच्यावर, म्हणजे चूक माझीच. व्याह्यांना सांगा, अण्णानं माफी मागितली."

माझ्या रंगाची माफी. माझ्या फोटोसाठी. माझ्यादेखत. आणि मी काय केलं म्हणता? चादरींची पिशवी रिक्षापर्यंत उचलून दिली. मदत!

आता खरं ऐका. दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी माल बाजारात जाऊ दिला नाही. ऐन लग्नसराईत! बिघडलेला ताका सापडल्याशिवाय एक चादर बाहेर पडणार नाही, म्हणाले. कारखान्यासमोर हौद भरला आणि एकेक चादर धुवायला घेतली. गल्लीभर दोऱ्या बांधल्या. मी रोज मुद्दाम तिकडून जायचो. म्हातारा लेंगा खोचून, चादर पाण्यात बुडवून, पिळून, पाण्याचा रंग बघतोय. पाणी स्वच्छ. पुढची चादर. पाणी स्वच्छ. जे त्या हौदात कधीच नव्हतं ते शोधत होते ते, आणि शोध थांबवणारा एकमेव माणूस सायकल हातात धरून कोपऱ्यावर उभा होता.

बाजारात कुजबुज झाली, अण्णांचा रंग गेला. गफूरभाईंनी जड मनानं अण्णांचा माल ठेवणं बंद केलं. गिऱ्हाइकाला सांगायचे, "पहिल्यासारखा ऱ्हायला नाही." त्यांना आजही वाटतं, आपण प्रामाणिकपणे वागलो. वागलेच होते.

मी धंदा गुंडाळला. उरलेली लेबलं बंबात घातली. स्वतःच्या शेकडो चेहऱ्यांवर पाणी तापवून आंघोळ केली आणि केस पुसत बाहेर आलो, तर संपलं सगळं, असं वाटलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण मी कसला थांबतोय! पुढं मी त्याची नक्कल बसवली. ‘अण्णा चादर धुतात.’ तीच मिशी लावून, लेंगा खोचून, अंगणात बादली ठेवून. माझा सगळ्यात गाजलेला किस्सा हाच. लोक डोळे पुसायचे हसून. बायको कौतुकानं म्हणायची, तेवढं अण्णाचं करून दाखवा. करून दाखवायचो. सुरुवात सोडून.

नंतर अण्णांच्या मुलानं छापाची नोंदणी केली, वकील नेमला, नकली छाप लावणाऱ्या दिसेल त्या माणसाला नोटीस पाठवायला लागला. टपरीवर त्याचं नाव पडलं ‘नोटीस’. "मिशीवर मालकी सांगतंय येडं!" मी त्यावरही टाळी दिली. त्यानं वडिलांना हौदाशी वाकलेलं पाहिलं होतं. दुसऱ्याच्या घाणीसाठी आपल्या बापानं पुन्हा हात जोडू नयेत, एवढंच त्या नोटिशीत असायचं — कायद्याच्या भाषेत. मला हे कळत होतं. टाळी तरीही दिली.

तर ही माझी सुरुवात. खोटा मी, लबाड मी आणि वर हसवणाराही मीच. कारण विचारू नका, चांगलं कारण नव्हतं. काही मागतही नाही.

या उन्हाळ्यात अण्णा गेले. घरच्यांना दुःखात कशाला विचारायचं म्हणून गल्लीतल्या मंडळानं परस्परच श्रद्धांजलीचं फ्लेक्स केलं. फोटोसाठी कुणाच्या तरी ट्रंकेतून आहेरात आलेली जुनी, न उघडलेली चादर काढली. दहा गावं फिरून आली असणार. पिशवीतलं लेबल काढलं आणि मोठं केलं.

मी बायकोला स्कूटरवर मागं बसवून अण्णांच्या घरच्यांना भेटायला निघालो होतो. चौकात सिग्नल लागला. वर पाहिलं. दोन मजली उंच, झेंडूच्या छापील हारात, टोपी, चष्मा, मिशी आणि माझं पेन — खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मी मान खाली घातली. पण त्या मिशीवरचं नाक तिनं माझ्या नाटकांत इतक्या वेळा पाहिलं होतं, की भरचौकात, शेजारचे रिक्षावाले वळून बघतील एवढ्या मोठ्यानं ती ओरडली,

"अगं बाई! अहो — तुम्ही कधी गेलात?"