चौदा मिनिटं

पोलिसातून निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षीचं ते प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही. आमगावकडच्या एका ब्युटी पार्लरवालीने मेकअप करताना काढलेले नवऱ्या मुलींचे फोटो एका घाणेरड्या वेबसाइटवर दिसले. एक लग्न मोडायच्या बेतात होतं.

खबर तिच्या नवऱ्यानेच आणली. त्याचं खताचं दुकान. संशयित कोण, हेही त्याने ठरवून आणलं होतं : लग्नात तिच्याबरोबर काम करणारा फोटोग्राफर.

"साहेब, हा माह्या बायकोच्या मांगं लागून राहिला. मंगळवारी चौदा मिनिटं त्याच्या स्टुडिओत होती थे."

"तू कुठे होतास?"

"देवरीले. खत आनाले."

जळणारा माणूस मिनिटं मोजतो, हे नोकरीत अनेकदा पाहिलं होतं. पण देवरीत बसून आमगावची?

फोटोग्राफरला बाहेर बाकावर बसवलं आणि बाईंचा मोबाईल पंचांसमक्ष तपासला. त्यात एक लपवलेलं ॲप निघालं. बायको कुठे जाते ते नवऱ्याला दाखवणारं, फुकटचं. ते बसवताना ॲपने मागितलेल्या सगळ्या परवानग्यांना नवऱ्याने 'हो' म्हटलं होतं. फोटोंच्या परवानगीलासुद्धा.

"फक्त थे कुठं जाते तेवढंच पाहून राहिलो होतो, साहेब," तो पुटपुटला.

ॲपवर मालकाचं नाव नव्हतं, देश नव्हता, माहिती कुठे साठवतात तेही नव्हतं. एक ईमेल होता. त्यावर नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही.

बाई नवऱ्याकडे वळल्या.

"माले रोज इचारते, कुठं होती, कोनासंग होती. त्या ॲपवाल्याले एक खेप इचारलं काय, तू कोन, अना माह्या हातानं सजलेल्या पोरींचे फोटो कुठं नेऊन राहिला?"

मग मला म्हणाल्या, "साहेब, मिटतीन ना फोटो?"

मी पंचनाम्याचे कागद सारखे करत बसलो. त्या मोसमात पार्लर उघडलं नाही.

गुन्हा नोंदवताना नवऱ्याचा पत्ता आम्ही घर क्रमांकासकट लिहिला. दुसऱ्या आरोपीपुढे, म्हणजे ॲपच्या मालकापुढे, 'अज्ञात'. खताच्या दुकानदाराला परवाना भिंतीवर टांगावा लागतो. घराघरातले फोटो नेणाऱ्याला साधी पाटी नको? मालक कोण, कुठल्या देशाचा, माहिती कुठे ठेवतो, हे आधीच सांगणं सक्तीचं हवं. संशयाने पेटलेला नवरा ते वाचेल, अशी माझी समजूत नाही. पण नोटीस कोणाच्या दारावर लावायची, एवढं तरी पोलिसाला कळेल.