शेवटच्या तासाची गोष्ट

रायपुरातल्या ज्या जनावरांच्या दवाखान्यात मी काउंटर सांभाळतो, तिथं औषधाच्या गोळ्यांइतकीच माझी जीभ चालते. मांजराचा आवाज काढून मी मांजराला गप्प करतो, आणि कुणाचं जनावर गेलं की त्या माणसाला धीर देतो. त्यासाठी माझ्याकडे तीन शेवट तयार असायचे: जाताना शेपूट हलवली, हातचं बिस्किट खाल्लं, किंवा झोपेतच गेला. एकदा गडबडीत एका कासवाच्या मालकाला मी पहिला शेवट सांगून बसलो. बिचाऱ्याने डोळे पुसत आभार मानले. तेव्हापासून मी स्वतःला मोठा कलाकार समजत होतो.

मग त्या ताई आल्या. नव्या रायपुरात सरकारी नोकरी, माहेर-सासर दोन्ही विदर्भातलं. त्यांचा म्हातारा गावठी कुत्रा आठ दिवसांपूर्वी आमच्याकडे सलाईनवर असताना गेला होता. दुपारी बाराला डॉक्टरीणबाईंनी त्यांना फोन केला, त्या निघाल्या, आणि एक वाजून दहा मिनिटांनी पोचल्या. तो एक वाजताच गेला होता.

आज त्या उरलेल्या गोळ्या परत द्यायला आल्या होत्या, दुसऱ्या कुणाच्या जनावराला उपयोगी पडतील म्हणून. पिशवी ठेवली आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुम्हीच होते ना त्याच्यापाशी? मी नोती तवा काय करून राहिला होता तो?"

मी आवाज हळवा केला. "ताई, शांत होता. माझ्या हातून अर्धं बिस्किट खाल्लं त्यानं."

"खोटं काहून सांगता? चौदा वर्षांत तो माह्याशिवाय कोणाच्याच हातचं खाल्ला नाही."

कासववाला मला असं कधी बोलला नव्हता. मी खुर्ची पुढे केली आणि खरं सांगितलं. खरं सांगणं माझ्या फार जिवावर आलं होतं, कारण त्यात माझा पार पचका होता. मी चुचकारलं, गाणं म्हटलं, मांजराचा आवाजसुद्धा काढला. त्यानं माझ्याकडे पाठ फिरवली आणि तोंड दाराकडे करून पडून राहिला. दार वाजलं की एक कान उचलायचा, बस.

"कोणता कान?"

"डावा."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "हव. उजव्यानं त्याले आयकूच येत नोतं." मग पदर सोडून म्हणाल्या, "बारापासून सांगा. सगळं."

मी आठवून आठवून सांगू लागलो, आणि त्या प्रत्येक गोष्टीपुढे आपण तेव्हा कुठे होतो ते जोडू लागल्या. सव्वाबाराला पोपटवाले आले, त्यानं कान उचलला. "तवा मी बसची वाट पाहून राहिली होती. बस आलीच नाही." साडेबाराला कुरिअर आलं, कान वर. "तवा ऑफिसातल्या पोट्टीच्या स्कूटीवर बसली." पाऊण वाजता डॉक्टरीणबाई आत आल्या, कान अर्धाच उठला. "तवा तेलीबांध्याच्या सिग्नलवर."

त्यापुढे दार एकदाच वाजलं होतं, एक वाजता. कान हलला नाही.

ताई माझ्याकडे बघत होत्या. एक वाजताही कान हलला, असं सांगणं मला काय जड होतं? ताईच आल्या असं वाटून हलला, एवढं म्हणायचं. ओठांवर आलंही होतं, आणि या वेळी त्यांनी मला पकडलंही नसतं, कारण त्यांना तेच हवं होतं.

"एक वाजता कान हलला नाही, ताई."

"तवा मी देवेंद्रनगरात होती," त्या म्हणाल्या. "दहाच मिनिटं राहिली होती, भाऊ."

बाहेर कुणाचा तरी कुत्रा आत यायला तयार नव्हता, मालक त्याला ओढत होता. ताईंनी खुर्ची माझ्याजवळ सरकवली.

"मधात गाणं म्हटलं म्हणता. कोणतं म्हटलं, ते सांगा. तेवढं तं आयकलं असंन त्यानं."