दसरा बघितलेली बंदूक

मेस्त्री रागावले नाहीत असा एकही दिवस मला आठवत नाही. गल्फमधल्या अल क्वोजच्या गोदामात सकाळी सातला त्यांच्या कामगार-कॅम्पची गाडी यायची आणि सव्वासातला पहिला आवाज चढलेला असायचा. एसी जास्त आहे म्हणून राग, बंद आहे म्हणून राग. चहात साखर पडली की राग. माणसांवरचा राग मात्र ते लवकर विसरायचे. हत्यार नीट न वापरणाऱ्यावरचा तेवढा विसरत नसत. पहिल्याच आठवड्यात मी एका बंदुकीचा स्क्रू हाताला लागेल त्या पेचकसाने फिरवायला गेलो, तेव्हा त्यांनी माझं मनगटच धरलं. "हो पेचकस तुका कोणी दिलो?" मी म्हटलं, टेबलावर होता. "टेबलावर सुरी पण आसा. ती घालशील काय नाकात?"

गोदाम एका इंग्रजाचं होतं. आम्ही त्याला साहेब म्हणायचो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनच्या कारागिरांनी शिकारीसाठी घडवलेल्या दोन नळ्यांच्या बंदुका तो कुठून कुठून जमवायचा आणि अमेरिकन शौकिनांसाठी त्यांचा लिलाव मांडायचा. अठराशे नव्याण्णवच्या आधीची बंदूक अमेरिकेत पुराणवस्तू ठरते, तिला आत न्यायला फारशी कटकट नसते, म्हणून माल सगळा त्या आधीचा. पोलिसांची नोंदवही, तिजोरीची खोली, दोन किल्ल्या, असा सगळा कडेकोट बंदोबस्त. मी तिथे कॅटलॉग लिहायचो. नगरहून बी.ए. इंग्रजी करून आलेला माणूस, दुसरं काय करणार? मेस्त्री बंदुकांची लाकडं बघायचे. ते कुडाळकडचे. वडील गावात ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचे, त्या रानडुकरांपासून शेत राखायला परवान्यावर मिळायच्या. मेस्त्री स्वतः शारजात शटरिंगच्या कामावर आले होते. साहेबाने त्यांना कुठल्याशा व्हिलात एका खुर्चीचा मोडलेला पाय बसवताना पाहिलं आणि उचलून आणलं. साहेबाला माणसाची पारख होती, हे मी नाकबूल करत नाही. तेच तर जास्त संतापजनक आहे.

प्रत्येक बंदुकीसाठी मेस्त्री वेगळा पेचकस घासून तयार करायचे, कारण त्या जुन्या स्क्रूंच्या खाचा केसासारख्या बारीक असतात. एका बंदुकीला सहा-सात पेचकस. साहेब घड्याळ बघत "यल्ला मिस्त्री, यल्ला" म्हणायचा आणि मेस्त्री न बघता उत्तर द्यायचे, "यल्ला म्हणून झाड वाढणा नाय." साहेबाला मालवणी कळायचं नाही. मी भाषांतर करायचो, "ही सेज टेन मिनिट्स, सर." तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. मेस्त्री खवळून बोलायचे आणि मी ते इस्त्री करून पुढे द्यायचो. दोन वर्षं हेच चाललं. दोघांनाही मी सोयीचा होतो.

टेक्सासहून, मोंटानाहून फॅक्स यायचे. नळीची जाडी किती? दस्त्याला तडा आहे का? दोन नळ्या जोडणारा डाख सुटलाय का? मेस्त्री नळ्यांची जोडी दोरीला टांगायचे, बोटाच्या पेराने टिचकी मारायचे आणि बाजारात बाई नारळ वाजवून घेते तसा कान लावायचे. डाख शाबूत असेल तर नळी घंटेसारखी वाजते. "बरी आसा" किंवा "आतून सुटलेली आसा", एवढंच बोलायचे. मी त्याचं अर्धं पान इंग्रजी करायचो. अमेरिकन मंडळी खूश व्हायची. एकाने तर लिहिलं होतं की तुमच्या रिपोर्टांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो. खाली सही माझी असायची.

दस्त्यावरचे जुने ओरखडे, ठोकर लागल्याच्या खुणा मेस्त्री कधी घासून काढत नसत. साहेबाला कधी कधी चकाकी हवी असायची. मेस्त्री हात मागे घ्यायचे. "तो मार धन्याचो आसा. आपण कोण पुसणारे?" आपल्या हातात वस्तू आली म्हणजे ती आपली झाली नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. जवसाच्या तेलाचा एक हात, तोही तळव्याने, आणि बस. अंगठ्याखालची त्यांची कातडी त्या तेलाने कायमची पिवळट झाली होती.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालच्या लिलावासाठी एक जोडी आली. ओकची पेटी, आत हिरवं कापड, एकाच कारागिराच्या एक आणि दोन नंबर घातलेल्या बंदुका. साहेब त्या पेटीभोवती नुसता घुटमळायचा. मला त्याने आधीच मजकूर सांगून ठेवला होता, "एकाच इंग्रज घराण्यात तीन पिढ्या." मी टाईप करून टाकलं. घराण्याचे कागद मागावेत हे मला सुचलं नाही असं म्हणणार होतो, पण ते खोटं आहे. सुचलं होतं. मागितले नाहीत.

तीन दिवसांनी मेस्त्रींनी हाक मारली. "शिकलेल्या, हय ये." मला ते याच नावाने हाक मारायचे. दस्त्याच्या मानेवर हाताची पकड बसावी म्हणून बारीक चौकटींची जाळी कोरलेली असते. त्या जाळीत लालसर पिवळं काहीतरी घट्ट बसलं होतं. चापाभोवतीच्या पट्टीखाली तर थरावर थर. साहेबाने ते गंज म्हणून पाहिलं होतं. "वास घे," मेस्त्री म्हणाले. मी नाक जवळ नेलं. वास आता तेलाचाच येत होता, पण रंग माझ्या ओळखीचा होता. मग त्यांनी पेटीचं हिरवं कापड कोपऱ्यातून उचललं. खाली तांदळाचे चार दाणे, लाल झालेले.

"ही बंदूक दसरो बघितलेली आसा," मेस्त्री म्हणाले. "एक नाय, धा-वीस. हळद, कुंकू, अक्षता. कोणीतरी हिका दर वर्साक पाटावर ठेवून पुजल्यान. तुझ्या त्या वहीत काय लिवलंस?"

मी वाचून दाखवलं. इंग्रज घराणं, तीन पिढ्या.

"इंग्रज कुंकू लावता?" मेस्त्रींचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला भीती वाटली. "खरा लिव. नायतर पेटी बंद कर."

मी साहेबाकडे गेलो. बंदुका भारतातल्या आहेत, बहुधा कुठल्यातरी संस्थानातल्या, असं सांगितलं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारतातून सहजासहजी बाहेर काढता येत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तो हसला. बहुतेक कोणी लॉर्ड तिकडे वाघ मारायला गेला असेल, म्हणाला. मग उठून स्वतः वर्कशॉपमध्ये आला आणि त्याच्या त्या गल्फमधल्या हिंदीत म्हणाला, "मिस्त्री, ये लाल-लाल सब साफ करो. थर्सडे को अमेरिकन गेस्ट आता है. खलास."

"मी धुवचंय नाय," मेस्त्री म्हणाले आणि पेटीचं झाकण लावलं.

साहेबाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ही नीड्स सम टाईम, सर." पण या वेळी साहेबाला भाषांतराची गरज नव्हती. तो मला केबिनमध्ये घेऊन गेला. माझ्या बायकोच्या आणि मुलीच्या व्हिसासाठी लागणारं पगाराचं पत्र महिनाभर त्याच्या टेबलावर पडून होतं. ते त्याने उचललं, वाचलं आणि परत तिथेच ठेवलं. "तुम्ही लोक ही गोष्ट आपापसात मिटवा," एवढंच बोलला. धमकी नाही, काही नाही. असल्या माणसांना ओरडावं लागतच नाही, त्यांच्या वाटचं ओरडणं आपणच मनातल्या मनात ओरडतो.

मुलीला मी शेवटचं बघितलं होतं तेव्हा ती रांगत होती. आता ती फोनवर बोलत होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सांगतो, कारण त्या वेळी माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं.

बुधवारी दुपारी मेस्त्री जेवायला गेल्यावर मी पेटी उघडली. कोमट पाणी, अंगाचा साबण, दात घासायचा जुना ब्रश. आमच्या घरात पांढऱ्या सदऱ्यावर हळद सांडली की आई ओरडायची, साबण लावू नको रे, लाल होईल. हे मला तिसरीत असल्यापासून माहीत होतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसाला माहीत असतं. पण घाईत माझं डोकं इंग्रजीत चालत होतं, आणि इंग्रजीत माझ्यापाशी हळद नव्हती, फक्त 'रेसिड्यू' होता. साबणाचं पाणी जाळीत गेलं आणि पिवळं होतं ते सगळं रक्तासारखं लाल होऊन अक्रोडाच्या लाकडात उतरलं. घाबरून मी आणखी घासलं. लाकडाचे तंतू उभे राहिले, शंभर वर्षांची जाळी बोथट झाली. मी कापडाने पुसून पेटी लावली. ज्यांनी त्या बंदुका पुजल्या त्यांचं मी पुसलं, ज्याने त्या घडवल्या त्याचंही पुसलं. एका ब्रशात दोघे.

गुरुवारी टेक्सासचा एक म्हातारा संग्राहक आला. सभ्य माणूस, हातमोजे घालून बंदूक उचलणारा. त्याने नंबर एक हातात घेतली, दस्त्याची मान उजेडाकडे वळवली आणि थबकला. हे कोणी केलं, त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, दुःख होतं. साहेब क्षणभरही थांबला नाही. दाराशी उभ्या असलेल्या मेस्त्रींकडे बोट करून म्हणाला, "आमचा सुतार. अडाणी आहे."

म्हातारा मेस्त्रींजवळ गेला. बंदूक पुढे धरली. मेस्त्रींनी लाकडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं होतं, साबणसुद्धा. मी वाट बघत होतो की आता ते फुटतील. पेचकसावरून, चहावरून, एसीवरून फुटणारा माणूस. ते माझ्यावर फुटलेच नाहीत. शांतपणे म्हणाले, "सांग तेका, ह्या काम माझा नाय. मी हात लावूक नाय."

तीन माणसं माझ्याकडे बघत होती. मी इंग्रजीत म्हणालो, "ही सेज ही इज व्हेरी सॉरी, सर."

दोन वर्षं इस्त्री करत आलो होतो, तशीच आणखी एक घडी घातली. म्हाताऱ्याने मेस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि होतं असं कधी कधी, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटला. पण 'सॉरी' हा शब्द गल्फमध्ये कोणाला कळत नाही? सिमेंट कालवणाऱ्यालाही कळतो, त्याला तो दिवसातून वीस वेळा म्हणावा लागतो. मेस्त्रींनी तो हात खांद्यावरून उचलून बाजूला केला. म्हाताऱ्याला तो उद्धटपणा वाटला असणार. जोडी त्याने तरीही घेतली.

मला आजही मेस्त्रींचा राग येतो. ओरडायचं होतं. साहेबाच्या टेबलावर हातोडा आपटायचा होता. मला चार थोबाडीत द्यायच्या होत्या. आयुष्यभर पैशापासरी राग केला आणि जिथे हवा होता तिथे एका वाक्यावर भागवलं. मग मला उमजतं की त्यांनी ते एक वाक्य माझ्या हवाली केलं होतं. सरळ माणसाने निरोप दिला की तो पोचेल, असं ते धरून चालले होते. पुन्हा मी माझ्याचकडे येऊन ठेपतो, आणि तिथून पुढे रस्ता नाही.

साहेबाने मेस्त्रींना कामावरून काढलं. त्यांचा व्हिसा रद्द व्हायला सहा दिवस लागले. शेवटच्या दुपारी मेस्त्री बॅग घेऊन ऑफिसात आले. कॅम्पची व्हॅन त्यांना तिथूनच विमानतळावर नेणार होती. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर कधी कोणी कामगार बसत नसे.

"तेका लिव," ते म्हणाले. "त्या अमेरिकनाक. मी सॉरी म्हणूक नाय. तेवढाच लिव. बाकी काय नको."

मी म्हणालो, फॅक्स गेला की साहेबाला कळतं. मी म्हणालो, पत्ता शोधावा लागेल. मी म्हणालो, उद्या लिहितो, नक्की.

"उद्या मी विमानातसून उतरलेलो आसतलंय," मेस्त्री म्हणाले. "आता लिव. मी बसतंय."

ते बसले. तासभर बसले. मी समोर टाईप करत होतो, लॉट सत्तावीस, लॉट अठ्ठावीस. नळीची जाडी, दस्त्याची लांबी. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मी काय लिहीत नाही आहे ते त्यांना समोरून वाचता येत होतं. बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला. मेस्त्री उठले, बॅग खांद्याला लावली.

"तुझा इंग्रजी बरा आसा," ते म्हणाले आणि गेले.

महिन्याभरात बायको आणि मुलगी आल्या. साहेब पुढे गोदाम विकून कुठेतरी निघून गेला. तो म्हातारा आता नसणार. कुडाळला मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला घर सापडलं, पण मेस्त्री हयात नव्हते. त्यांच्या सुनेने चहा दिला आणि विचारलं, तुम्ही त्यांचे कोण? मी म्हणालो, ऑफिसातला. चहा संपवून उठलो. परतताना गाडीत स्वतःलाच मोठ्याने शिव्या देत आलो.

ज्यांना कळवायचं होतं त्यांच्यापैकी कोणीच उरलेलं नाही, आणि आता हे लिहून काही होत नाही हेही मला कळतं. तरी लिहितो, आणि इंग्रजीत लिहीत नाही. त्या दस्त्याला साबण मी लावला. मेस्त्रींनी त्याला हात लावला नव्हता. ते सॉरी म्हणाले नव्हते.