बारा तारखेपर्यंतच्या तारखा

"मॅडम, पिंपं ट्रकमध्ये चढलीत आणि लेबलवर एक्स्पायरी चुकीची आलीय. आता काय करू सांगा."

फोन तारापूर एमआयडीसीतल्या आमच्या क्लायंटचा होता. औषधांचा कच्चा माल बनवणारी फॅक्टरी. स्टोअर सांभाळणारे सावंत एरवी शांत गृहस्थ. दोन वर्षांनंतरची एक नोव्हेंबर छापायला हवी होती, तिथे त्याच वर्षाची अकरा जानेवारी आली होती. चांगल्या मालाचं आयुष्य लेबलवर जवळजवळ दहा महिन्यांनी घटलं होतं.

मी आणि रंजना पालघरच्या ऑफिसातून लगेच निघालो. रंजना माकुणसारची. आमच्याकडे तिचं चौथं वर्ष, डिस्पॅचचं, म्हणजे माल रवाना करण्याचं आणि त्याची लेबलं छापण्याचं मॉड्यूल तीच बघायची. रिक्षात ती एवढंच म्हणाली, "ताई, मी बोललेले ना. तुमीपण होतात तिथे."

होते मी.

आमचं सॉफ्टवेअर मॉड्यूलमध्ये, म्हणजे सुट्या भागांत बांधलेलं आहे. गेट, स्टोअर, बॅच, डिस्पॅच. सगळाच कोड आम्ही लिहीत नाही. तारीख वाचणं, रिपोर्ट काढणं यासाठी दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड घेतो. त्याला पॅकेज म्हणतात. एक पॅकेज चालायला दुसरं लागतं, ही डिपेंडन्सी. त्यामुळे एक बदललं की दुसरंही बदलतं, आणि त्या दुसऱ्यावर आपला आणखी कोणता भाग चालतोय ते तपासावं लागतं.

क्लायंटला बॅचचा रिपोर्ट नव्या पद्धतीचा हवा होता. त्यासाठी रिपोर्टच्या पॅकेजचं नवं व्हर्जन लागणार होतं, आणि त्याच्यासोबत तारखेच्या पॅकेजचंही नवं व्हर्जन येणार होतं. डिस्पॅच मात्र जुन्यावर लिहिलेलं. मीटिंगमध्ये रंजनाने आमच्या बॉसना, देसाई सरांना हे सांगितलं होतं.

"सर, डिस्पॅच तपासायला थोडा वेळ द्या. तोवर त्याच्यापुरतं तारखेचं जुनं व्हर्जन लॉक ठेवू. आपण बदलल्याशिवाय बदलणार नाही."

"बिल्ड झाला ना? प्रोग्रॅम तयार झाला ना? एरर आहे?"

"एरर नाही, पण..."

"मग पाठव. मी क्लायंटला शब्द दिलाय."

फॅक्टरीत कारण लवकर सापडलं. नवं व्हर्जन आधी महिना, मग दिवस असं वाचत होतं. एक-अकरा म्हणजे त्याच्या लेखी अकरा जानेवारी. तेरा तारखेपासून पुढे मात्र गडबड नाही, कारण तेरावा महिना नसतो. तिथे ते आपोआप आधी दिवस धरायचं. आम्ही अपडेट टाकलं ते महिनाअखेरीला. जी घाईची चाचणी झाली तीत तेरानंतरच्याच तारखा होत्या, सगळं बरोबर दिसलं. नवा महिना लागला आणि फसलो.

डिस्पॅचपुरतं जुनं व्हर्जन वेगळं बसवलं, लॉक केलं. लेबलं बरोबर येऊ लागली. पण ट्रक भरलेला होता.

"मॅडम, पूरा खाली करना पडेगा?" लोडिंगवाल्याने विचारलं.

रंजना "हां भैया" म्हणाली आणि त्यांच्याबरोबर जुनी लेबलं खरवडायला बसली.

दुपारी देसाई सर आले. फॅक्टरी मॅनेजरसमोर म्हणाले, "नवीन मुलगी आहे. टेस्टिंग नीट केलं नाही. तिला काढतोय आम्ही."

मी तिथेच बोलले. "सर, तिने वेळ मागितला होता. तुम्ही दिला नाही."

मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "ते तुमचं तुम्ही बघा. मला वर ॲक्शन दाखवायचीय."

बाहेर पार्किंगमध्ये सर मला म्हणाले, "क्लायंट गेला असता तर सगळेच घरी बसलो असतो. एकीवर भागलं."

रंजना पिंपांजवळच होती. मी तिला सांगितलं. ती हात धुऊन आली.

"घरी विचारतील काय चुकलं. काय सांगू, ताई? मलाच नाय माहीत."

बोईसरमध्ये तिने तीन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले. प्रत्येकाने सरांना फोन केला. आता ती वापीला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्टीची, म्हणजे ट्रकच्या मालपावत्यांची एन्ट्री करते. सर नव्या क्लायंटना अभिमानाने सांगतात, "आमच्याकडे प्रत्येक मॉड्यूलचं व्हर्जन लॉक असतं." ते खरंही आहे.

ज्युनिअर मुलांना मी शिकवते की व्हर्जन लॉक करा, आणि धोका दिसला तर तोंडी सांगू नका, मेल करा. ती लिहून घेतात. मेल केल्याने रंजना वाचली असती का, असं परवा एकीने विचारलं. मी नाही म्हणाले. फॅक्टरीत त्या दिवशी सरांना तिचं मीटिंगमधलं सगळं आठवत होतं.