देवकीकाकीच्या कागदातला एक शब्द

हे मी आजवर कुणालाच बोललो नाही. बायकोलाही नाही — तिला तर मुळीच नाही, कारण या गोष्टीत तिचंही एक वाक्य आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ उचलतेय.

मोखाड्याच्या अलीकडे आमचा पाडा. पाड्यावरचा बी.ए. झालेला पहिला माणूस मी, विषय इंग्रजी. आश्रमशाळेत मास्तर झालो. वीस वर्षं कुणाकडेही इंग्रजी कागद आला की तो माझ्याच ओट्यावर यायचा — बँकेचा, कोर्टाचा, अगदी औषधाच्या बाटलीवरचासुद्धा. मी चष्मा लावायचो, जरा वेळ गप्प बसायचो आणि मग सांगायचो. तेवढा वेळ माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मग गणपत परत आला. माझ्याच वर्गातला, दहावीला दोनदा आपटलेला. ठाण्यात एका वकिलाकडे झाडू मारायला राहिला, तिथंच टायपिंग शिकला, आणि पंचवीस वर्षं मशीन बडवून पाड्यावर राहायला आला. बाजाराच्या दिवशी मोखाड्यात लोक त्याला गाठून कागद दाखवू लागले. एकदा बायको सहज म्हणाली, "गणपतभाऊंना विचारा की, त्यांना कळेल." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. राग कशाचा आला — तिच्या बोलण्याचा, की ते खरं असण्याचा?

सांगतो. जरा थांबा.

देवकीकाकी आमच्या शेजारची, विधवा. जंगलातल्या प्लॉटवर तिच्या सासऱ्यापासून नागली-वरई पिकत आलेली. वनहक्काचे दावे भरायची वेळ आली तेव्हा सगळ्या पाड्याचे कागद मीच लिहीत होतो. शाळेच्या पडवीत सभा बसली आणि काकी चुलीवर टांगलेली बांबूची नळी घेऊन आली. धुरात कसर लागत नाही, म्हणून आमच्याकडे जपायचे कागद तिथंच ठेवतात. नळीत जंगलखात्याचा जुना इंग्रजी कागद होता. सोमाने — म्हणजे काकीच्या सासऱ्याने — 'हिअरटुफोर' कसलेली जमीन, असं काहीसं त्यात लिहिलेलं. तो शब्द मला येत नव्हता. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मागे खांबाला टेकून गणपत उभा होता.

मी म्हणालो, "यापुढे. सोमाने यापुढे कसायची जमीन. म्हणजे आधी तो कसत नव्हता, असाच याचा अर्थ निघतो. हा कागद दाव्याला जोडला तर काकीचंच नुकसान."

"मास्तर, तसा नाय," गणपत हळूच म्हणाला. "हिअरटुफोर म्हंजे आजपावेतो. हजार बार टाइप केलाय मी. जुना कब्जा दाखवायचा असला का वकील लोक तोच शब्द घालतात."

"दहावी झाली का रे तुझी, गणपत?" मी विचारलं.

पडवी हसली. काकीही हसली. गणपत खाली बसला, आणि त्यानंतर तो कुणाच्याही कागदावर कधी बोलला नाही.

घरी येऊन मी शब्दकोश काढला. यापूर्वी, आजवर. शेजारी बारीक अक्षरात — कायद्याच्या भाषेतला, जुना. गणपतचं बरोबर होतं. काकीचा दावा अजून माझ्याच कपाटात होता, तालुक्याला जायला दोन दिवस होते. शेजारून काकीचा तो जुना कागद आणून टाचायचा होता फक्त.

मी टाचला नाही. टाचला असता तर का टाचला ते सांगावं लागलं असतं — आणि गणपत जिंकला असता. मला ते सोसवलं नसतं.

दावा परत आला, जुना पुरावा नाही म्हणून. प्लॉटवर जंगलखात्याने रोपं लावली. काकी आता दिवाळी झाली की लेकासोबत भिवंडीकडे वीटभट्टीवर जाते, या वयात.

तुम्हाला वाटेल, हेच ते. नाही, हे सांगणं त्या मानाने सोपं होतं.

गेल्या महिन्यात कुणीतरी काकीला सांगितलं की फेटाळलेल्या जुन्या दाव्यांवर आता नव्याने अपील करता येतं, थोड्या दिवसांची मुदत आहे. ती नळी घेऊन माझ्याकडे आली. "मास्तर, आणखी एक डाव वाच ना. काय निघतं का बघ." समोरच्या ओट्यावर गणपत टोपलीला काठ घालत बसला होता. त्याने मान वर केली. मी चष्मा लावला. नेहमीसारखा गप्प बसलो — आणि काय सांगायचं ते मला त्या वेळी चांगलं ठाऊक होतं.

"नाही काकी," मी म्हणालो. "तेच आहे. यापुढे."

गणपत माझ्याकडे बघत राहिला, मग पुन्हा टोपलीकडे वळला. आणि मला आतून बरं वाटलं. काकी समोर उभी असताना मला बरं वाटलं.

तिने कागद नळीत सारला आणि नळी माझ्याच हातात दिली. "भट्टीवर कुठं नेऊ ही? तुझ्याकडंच राहू दे. तू जपशील."

नळी कपाटावर आहे, शब्दकोशाशेजारी. अपिलाची मुदत काल संपली. मी दिवसभर घरीच होतो.